जोतं, उंबरा आणि दाराची रुंदी

नमस्कार श्रोतेहो.

नोकरीतली ३२ वर्षं मी घरांचे नकाशे काढले आणि तपासले. जोतं किती उंच, खिडकी केवढी, जिन्याची पायरी किती इंचांची, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. पण राहणारा माणूस चाकाच्या खुर्चीत असेल तर तेच घर त्याला कसं दिसतं, हे मला कळलं निवृत्तीनंतर. तेही आतेभावाच्या न्हाणीच्या दारात उकिडवा बसून टेप लावत होतो तेव्हा.

हा आतेभाऊ, आमचा दादा, साताऱ्याकडे गावी असतो. उसाच्या ट्रॉलीवरून पडला, मणक्याला मार बसला आणि कमरेखालची ताकद गेली. पुढे प्रधानमंत्री आवास योजनेत त्याच्या नावावर घरकुल आलं. सपाटीच्या भागात मिळतात ते १ लाख २० हजार, वर घरचे पैसे, असं करून घर उभं राहिलं. वास्तुशांतीला मी गेलो, तर दोन पोरांनी दादाला काखेत धरून आत नेलं. जोतं अडीच फूट, वर चढायला पाच पायऱ्या. "ओढा जवळ आहे साहेब, पाणी शिरायला नको," गवंडी म्हणाला. त्याचंही काही चुकलं नव्हतं. फक्त घर ज्याच्या नावावर, त्याला आत-बाहेर करायला दर वेळी दोन माणसं हुडकावी लागायची. सुगीत ती मिळायची नाहीत. मग दादा दिवसभर घरातच.

न्हाणीची गोष्ट त्याहून वाईट. दार दोन फुटांचं, चौकट वजा केली की मोकळी जागा २२ इंच. दादाची खुर्ची एका चाकापासून दुसऱ्या चाकापर्यंत २५ इंच. तीन इंचांचा हिशेब, पण त्यासाठी हा माणूस रोज खुर्ची दारात सोडायचा, खाली गोणपाटावर उतरायचा आणि हातांनी रेटत आत सरकायचा. मध्ये कडप्प्याचा उंबरा. त्यावर मांडी खरचटली तरी त्याला कळायचं नाही, कारण तिथे संवेदनाच नाही. जखम चिघळली की वहिनींना वासावरून कळायचं. दार आत उघडणारं, त्यामुळे त्याचे पाय आडवे आले की ते लागायचंच नाही. मग साडीचा पडदा. साठीचा माणूस, घरात सून, आणि आंघोळ पडद्याआड.

मी हे का सांगतोय? आपल्याकडे घराची मोजणी 'मिळालं की नाही' इथेच थांबते. दिव्यांगांच्या हक्कांचा २०१६ चा कायदा चांगला आहे. सरकारी घरकुल आणि जमीनवाटपाच्या योजनांत ५ टक्के आरक्षण आहे, त्यात दिव्यांग स्त्रियांना प्राधान्य. सुगम्यतेचे, म्हणजे दिव्यांगांना विनाअडथळा वावरता यावं यासाठीचे नियम पाळले नसतील तर इमारतीला बांधकाम परवानगी देऊ नये, पूर्णत्वाचा दाखलाही देऊ नये, असंही त्यात स्पष्ट लिहिलंय. पण लाभार्थ्यांची यादी लागली की ५ टक्के पुरे झाले. दाराची रुंदी कुणी मोजायची?

आता माझ्याच जातकुळीबद्दल बोलतो. नकाशावर आम्ही रॅम्पच्या दोन रेघा मारतो, शेजारी 'रॅम्प' असं लिहितो, आणि शिक्का पडतो. उताराचं प्रमाण एकास बारा. म्हणजे एक फूट चढायला बारा फूट लांबी. पुण्यात आमच्या सोसायटीत लिफ्ट झकास आहे, पण लिफ्टपर्यंत जायला तीन पायऱ्या. दीड फूट उंची, म्हणजे १८ फुटांचा उतार हवा. बांधला सहा फुटांचा! त्यावरून खुर्ची खाली आणणं म्हणजे घसरगुंडी. सर्वसाधारण सभेत विषय निघाला तेव्हा एक गृहस्थ म्हणाले, "एका माणसासाठी दोन गाड्यांचं पार्किंग घालवायचं?" ज्यांच्यासाठी हे चाललं होतं त्या बाई सभेला नव्हत्या. सभा तीन पायऱ्या उतरून खाली, त्या वर चौथ्या मजल्यावर.

८ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी या अंध याचिकाकर्त्यांच्या प्रकरणात नेमक्या याच दुखण्यावर बोट ठेवलं. सुगम्यतेचे निकष नुसते मार्गदर्शक म्हणून ठेवता येणार नाहीत, किमान काही तरी बंधनकारक करा, असं केंद्राला सांगितलं आणि तीन महिन्यांची मुदत दिली. मी नोकरीत असताना 'मार्गदर्शक' या शब्दाचा अर्थ आम्ही 'जमलं तर' असाच घ्यायचो. खोटं कशाला बोलू?

भाड्याच्या घराचं दुखणं वेगळंच. तिथे अडतं ते मालकाच्या मनात. एका अंध जोडप्यासाठी मी स्वतः जागा बघत फिरलोय. "चांगले लोक आहेत हो, पण गॅस कसा वापरणार?" असं तीन ठिकाणी ऐकलं. ती बाई गेली पंधरा वर्षं रोज दोन वेळचा स्वयंपाक करते. भाकरी भाजली का, हे वासावरून सांगते. मालकांनी विचारलं मला. तिला कुणी विचारलंच नाही.

आणि ज्यांच्या मुलाला बौद्धिक अक्षमता आहे, स्वमग्नता आहे, त्या आईबापांची रात्रीची झोप एकाच प्रश्नाने उडते: आमच्या माघारी हा कुठे राहील? यासाठी १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा आहे. मूल अठरा वर्षांचं झालं की त्याला कायदेशीर पालक नेमण्यासाठी स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करता येतो, त्या समितीवर जिल्हाधिकारी असतात. 'घरौंदा' नावाची सामूहिक निवासाची योजनाही आहे. हातपाय चालताहेत तोवर या कामाला लागा. नंतर भावंडांची ओढाताण होते.

गावाकडच्या श्रोत्यांसाठी एक गोष्ट. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. ते कशावर खर्च झाले, हे ग्रामसभेत उभं राहून विचारा. हिशेब तोंडी घेऊ नका, लेखी मागा. दाद लागली नाही, तर पुण्यात दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे तक्रार करता येते.

घर नव्याने बांधत असाल तर गवंड्याला तीन आकडे आधीच सांगा. दार तीन फूट, खुर्ची वळायला पाच फूट मोकळी जागा, उतार एकास बारा. भिंत उभी राहिल्यावर हेच काम महाग पडतं.

दादाच्या घरी आम्ही काय केलं, तेवढं सांगतो. न्हाणीची चौकट काढली, तीन फुटांची बसवली, दार बाहेर उघडणारं केलं. उंबरा फोडला. पाणी बाहेर येईल म्हणून वहिनी कुरकुरत होत्या, म्हणून आतली फरशी उखडून मोरीकडे ढाळ दिला. नळ खाली आणला, भिंतीत दीड इंची पाइपाचा दांडा पक्का केला. गवंड्याचे चार दिवस गेले. बाहेरचा उतार अजून व्हायचाय. अडीच फुटांना ३० फूट लागतात आणि मध्ये गोठा येतो. आता तो वळवून घ्यायचा विचार चाललाय.

दार बसवलं त्या दिवशी दादा खुर्चीसकट आत गेला आणि आतून कडी लावली. तासभर झाला तरी पाण्याचा आवाज चालूच. वहिनी काळजीने दारापाशी गेल्या, हाक मारली. आतून उत्तर आलं, "झालंय माझं मघाशीच. बसलोय जरा."

नमस्कार.