शेवटच्या कोळशानंतरचा खर्च

मंडळी, या सभागृहातले पंखे बहुधा आपल्याच कोळशावर फिरताहेत. चंद्रपूरच्या महाऔष्णिक केंद्राची क्षमता २९२० मेगावॅट. वीज राज्याला आणि राख आपल्याला, हे इथलं गाऱ्हाणं मला नवं नाही आणि ते खोटंही नाही. पण आज मी राखेवर बोलणार नाही. राख पडायची थांबेल, त्या दिवसाबद्दल बोलणार आहे.

२०२१ मध्ये ग्लासगोच्या हवामान परिषदेत भारताने सांगितलं, २०७० पर्यंत आम्ही निव्वळ शून्य उत्सर्जनावर येऊ, म्हणजे जेवढा कार्बन हवेत सोडू तेवढाच शोषून घेऊ. २०७० म्हटलं की आपण निर्धास्त होतो. तोवर कोण असतं, कोण नसतं! देशाच्या एकूण वीजनिर्मिती क्षमतेत कोळसा-वायूखेरीजच्या स्रोतांचा वाटा २०२५ मध्येच निम्म्यावर गेला. प्रत्यक्ष वीज मात्र आजही सुमारे ७० टक्के कोळशातूनच येते. म्हणजे कोळसा उद्या बंद होत नाही. पण कायमचा राहणार नाही, हेही ठरलेलं आहे. मधली ही वर्षं कशी वापरायची, एवढाच प्रश्न आहे.

जर्मनीतला रुर हा भाग तुमच्या-माझ्यासारखाच. खाली कोळसा, वर पोलादाचे कारखाने, पिढ्यान्‌पिढ्या खाणीत उतरणारी माणसं. १९५७ साली पश्चिम जर्मनीच्या दगडी कोळशाच्या खाणींत सहा लाखांच्या वर माणसं होती. पुढच्याच वर्षी संकट सुरू झालं, आणि गंमत बघा, हवामानाचा त्यात काडीचा संबंध नव्हता. बाहेरचा कोळसा स्वस्त पडू लागला, तेल आलं. शेवटची खाण बंद झाली २१ डिसेंबर २०१८ ला, बोट्रोप शहरात. खाणकामगारांनी शेवटचा कोळसा राष्ट्राध्यक्ष श्टाइनमायर यांच्या हातात दिला. सुरुवात १९५८, शेवट २०१८. साठ वर्षं!

या साठ वर्षांत त्यांनी केलं काय? खाणी एकदम बंद केल्या नाहीत. वयस्कांना लवकर पेन्शन, तरुणांना दुसऱ्या खाणीत किंवा दुसऱ्या धंद्यात जागा, आणि या सगळ्याला सरकारचं अनुदान. ते अनुदान २०१८ ला संपणार हे २००७ मध्येच ठरवून टाकलं. म्हणजे माणसांच्या हाती अकरा वर्षं होती. १९६५ मध्ये बोखुममध्ये विद्यापीठ सुरू झालं, खाणकामगारांची मुलं आपल्याच शहरात शिकू लागली. झोलफेराइन ही प्रचंड खाण १९८६ ला बंद झाली. ती पाडली नाही, आज ती जागतिक वारसास्थळ आहे.

पण रुरचं देवघर करू नका. बोखुममध्येच खाणीच्या जागेवर १९६२ मध्ये मोटारींचा कारखाना आणला, लोकांना वाटलं सुटलो. २०१४ मध्ये तोही बंद. गेल्सेनकिर्शेनमधली बेकारी आजही जर्मनीतल्या सर्वाधिकांपैकी आहे. आणि स्वतःच्या खाणी बंद झाल्यावरही जर्मनी बाहेरून आणलेला कोळसा जाळतच राहिली. साठ वर्षं आणि जर्मनीसारखी तिजोरी असूनही हे असं.

आता आपल्याकडे या. वेकोलित, म्हणजे वेस्टर्न कोलफिल्ड्स या सरकारी कोळसा कंपनीत, दोन एकर जमिनीमागे एक नोकरी, असा हिशेब आहे. जमीन गेली, पण नोकरी घरात आली. मुलाची नोकरी आहे, नातवाचं काय? सातबारा तर परत येत नाही. शिवाय ही झाली कायम कामगारांची गोष्ट. कंत्राटी कामगार, ट्रकचे ड्रायव्हर-क्लीनर, राख उचलणारे, घुग्घुसच्या चौकातला टायर पंक्चरवाला, ही माणसं कुठल्या रजिस्टरात आहेत? रुरमध्ये पेन्शन देता आली, कारण माणूस पटावर होता. पटावर नसलेल्याला पेन्शन कशाची देणार? मला विचाराल तर नियोजनाचं पहिलं काम सौर पॅनेल नव्हे, ही शिरगणती आहे. त्याला तंत्रज्ञान लागत नाही, तलाठी आणि दोन वह्या पुरतात.

सौर पॅनेलसाठी जमीन भाड्याने घेणाऱ्या सौर शेती-वाहिनी योजनेत शेतकऱ्याला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडं मिळतं आणि जमीन त्याच्याच नावावर राहते. कोळशाच्या व्यवहारापेक्षा हे मला बरं वाटतं. पण भाडं जमीनवाल्याला. ज्याच्याकडे जमीनच उरली नाही, तो त्यात कुठे बसतो? आणि पॅनेल एकदा बसलं की रोजचं काम दोन-चार माणसांचं.

पैसा आहे का? थोडा आहे. २०१५ च्या कायद्यानुसार खाणवाले सरकारला रॉयल्टी देतात, त्याशिवाय तिच्या प्रमाणात वेगळी रक्कम जिल्हा खनिज प्रतिष्ठानकडे, म्हणजे खाणग्रस्तांसाठीच्या जिल्ह्याच्या निधीत, भरतात. त्यातून सभामंडप आणि रस्ते होतात, व्हावेत. पण त्यातला ठरावीक भाग कोळशानंतरच्या दिवसांसाठी आजच बाजूला टाकायला हवा, कारण कोळसा संपला की रॉयल्टीही संपली आणि हा पैसाही.

आणि शेवटचं, सगळ्यांत विसरलं जाणारं. रुरची जमीन खाणकामामुळे काही ठिकाणी वीस मीटरहून अधिक खचली आहे. तिथलं पाणी उपसणारे पंप थांबले तर वस्त्यांत पाणी भरेल. म्हणून ते पंप कायम चालवावे लागतात, खाणी नसल्या तरी. त्याला ते अनंतकाळाचा खर्च म्हणतात, आणि तो भागवायला २००७ मध्येच एक प्रतिष्ठान उभं केलं. आपल्याकडे खाण बंद करण्यासाठी कंपनीला एस्क्रो खात्यात, म्हणजे त्याच कामासाठी राखून ठेवलेल्या खात्यात, पैसे ठेवावे लागतात. ते ठीकच आहे. पण दुर्गापूर, पद्मापूर, बल्लारपूरच्या खड्ड्यांतलं पाणी आणि कडेचे मातीचे डोंगर पन्नास वर्षांनी कोण सांभाळणार, तो खर्च कुणाच्या नावावर, हे पुढच्या वेळी अधिकारी समोर बसले की विचारा. त्याच वेळी कंत्राटदारांकडच्या हजेरीपटांच्या प्रतीही मागून घ्या.