ड्रोन अपग्रेड करायचाय? आधी दोन बाटल्यांभोवती आठचा आकडा काढा

नमस्कार मंडळी! बाहेर वारं सुटलंय, उसाचे शेंडे नुसते लोळतायत, म्हणजे पाच वाजेपर्यंत काय उडवता येणार नाही, तर तोवर इनबॉक्समधला नेहमीचा प्रश्न घेतो. "दादा, छोटा ड्रोन महिनाभर उडवला, आता जीपीएसवाला घेऊ का?"

हा बघा माझा पहिला. जवळ आणतो. हा हात दोनदा मोडलाय, डिंक आणि वर दवाखान्यातली चिकटपट्टी, आणि हा एक पंखा बाकीच्या तिघांपेक्षा वेगळ्या रंगाचा. यात जीपीएस नाही, कंपास नाही. आत एक जायरो, जो त्याला आडवा होऊ देत नाही, आणि हवेचा दाब मोजून उंची धरणारा बॅरोमीटर, एवढंच. वाऱ्यानं वाहत निघाला तर त्याला स्वतःला पत्ताच नसतो, तुम्हीच ओढून आणायचा. लोक म्हणतात हा स्वस्त मालाचा दोष आहे, मी म्हणतो शिकायला याच्यासारखा मास्तर नाही.

रिमोटच्या डाव्या स्टिकनं वर-खाली आणि जागच्या जागी गोल, उजवीनं पुढं-मागं आणि डावं-उजवं, हे अर्ध्या तासात येतं सगळ्यांना. पण कधी, तर ड्रोनची पाठ तुमच्याकडं असेल तोवर. आता त्याचं तोंड तुमच्याकडं करा आणि डावीकडं न्यायला जा, तो जातो उजवीकडं! डोक्याला कळतं पण बोटांना कळत नाही, आणि तेवढ्या दोन सेकंदात तो झाडात. यावर एक जुगाड सांगतो, तोंड समोर असताना ज्या बाजूला तो झुकलाय त्याच बाजूला स्टिक ढकलायची, कलत्या भिंतीला टेकू देतो ना आपण, अगदी तसं. हे रोज दोन बॅटऱ्या संपेपर्यंत केलं की आठ-दहा दिवसांत बोटं आपोआप जातात. आणि ते हेडलेस मोडचं बटण, म्हणजे ड्रोनचं तोंड कुठंही असो, स्टिक डावीकडं नेली की तो तुमच्या डावीकडंच जातो, ते कृपा करून दाबूच नका, त्यानं दिशा शिकायची वेळच येत नाही.

मी हे काही न करता उडी मारली होती, म्हणून सांगतोय. जीपीएसवाला घेतला, सोडला की हवेत खिळा ठोकल्यासारखा उभा, मला वाटलं आपण पायलट झालो. मे महिना, गच्चीवरच ठेवून उडवला. आता गच्चीच्या स्लॅबमध्ये असतात लोखंडी सळया, त्यांनी कंपास भरकटतो. जीपीएस म्हणतो तू पूर्वेला सरकलास, ड्रोन परत यायला बघतो, पण कंपास चुकल्यामुळं त्याची पश्चिमच चुकीची, मग तो गोल गोल फिरायला लागतो आणि गोल मोठा मोठा होत जातो. माझा असाच फिरत शेजारच्या काकूंच्या गच्चीवर गेला, तोंड माझ्याकडं, मी स्टिक उलटी मारली, आणि वाळत घातलेल्या कुरडयांवर त्याच्या पंख्यांचं वारं… पुढचं काय सांगत नाही, काकू हा चॅनल बघतात. त्या दिवसापासून मोकळ्या मातीवरून टेकऑफ, आणि ॲपनं कंपास कॅलिब्रेट कर, म्हणजे त्याच्या दिशा पुन्हा जुळवून घे, म्हटलं की मुकाट करायचं.

म्हणून माझी परीक्षा साधी आहे. मैदानात पाण्याच्या दोन बाटल्या दहा पावलांवर ठेवा आणि छोट्या ड्रोननं त्यांच्याभोवती आठचा आकडा काढा, सावकाश, ड्रोनचं नाक कायम जायच्या दिशेला. सलग पाच आकडे न पडता निघाले की मग दुकानात जा.

दुकानात गेल्यावर वजन बघा. आपल्याकडं ड्रोन नियम 2021 मध्ये 250 ग्रॅमपर्यंतचा ड्रोन नॅनो धरतात, त्याला पायलट सर्टिफिकेट लागत नाही. पण म्हणून कुठंही उडवायचा नाही, डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन-वेबसाइटवरचा नकाशा उघडून आपली जागा ग्रीन झोनमध्ये, म्हणजे वेगळी परवानगी न घेता उडवता येतं त्या भागात, आहे का ते बघा, लष्कराच्या आणि विमानतळाच्या आसपास तर नादच नको. आणि चुलतभाऊ दुबईहून येतोय, त्याला आणायला सांगू, असा विचार असेल तर थांबा, फेब्रुवारी 2022 मध्ये सरकारनं तयार परदेशी ड्रोनच्या आयातीवर बंदी घातलीय, सुट्ट्या पार्टवर नाही.

बजेट ठरवताना पूर्ण पैसे ड्रोनवर घालू नका, एक जादा बॅटरी आणि पंख्यांचा सेट धरूनच बोला. पंखे दोन प्रकारचे असतात, दोन घड्याळाच्या दिशेनं, दोन उलटे, तिरक्या समोरासमोरच्या कोपऱ्यात सारखे. एक जरी चुकीच्या जागी बसला तर उडायच्या आधीच कोलांटी. बॅटरी फुल चार्ज करून आठवडाभर कपाटात टाकू नका, तिच्या आतल्या दर सेलला 3.8 व्होल्टच्या आसपास ठेवा, आणि पापडासारखी फुगली की तिचा मोह सोडा.

थांबा, बाहेर बघतो… शेंडे शांत झाले बरं का. बाटल्या कुठं ठेवल्या मी? चला, कॅमेरा घेऊन मैदानात येतो, जुना मोडका तरी पाच आकडे काढतो का बघू.