बंद कॉम्प्युटरमधला जागता दिवा

मंडळी, आमच्या सांगलीतल्या दुकानात एक प्रश्न हमखास येतो. "कॉम्प्युटर बंद केला तरी माऊसचा लाल दिवा जळतोच, काही बिघडलंय का हो?" बिघडलेलं काही नसतं. आपण ज्याला बंद म्हणतो, तो कॉम्प्युटर खऱ्या अर्थानं बंद झालेलाच नसतो.

जुन्या एटी कॅबिनेटचा खटका दाबला की २३० व्होल्टची लाइनच तुटायची. १९९५ मध्ये इंटेलनं एटीएक्स रचना आणली आणि पुढचं बटण नुसता निरोप देऊ लागलं. निरोप मिळाला की बोर्ड, म्हणजे आतला मुख्य मदरबोर्ड, एसएमपीएसची (कॉम्प्युटरला वीज पुरवणाऱ्या डब्याची) हिरवी वायर ग्राउंडला जोडतो आणि मशीन उठतं. पण निरोप घ्यायला आत कुणीतरी जागं हवं ना? त्यासाठी जांभळी वायर, चोवीस पिनांच्या कनेक्टरमधली नववी. भिंतीवरचं बटण चालू आहे तोवर तिच्यावर पाच व्होल्ट असतातच. हाच स्टँडबाय. माऊसचा दिवाही याच्यावरच जळतो. बऱ्याच बोर्डांवर मोहरीएवढा एक दिवा असतो, तो याच पाच व्होल्टची वर्दी देतो.

मी शिकाऊ होतो तेव्हा हा दिवा जळत असताना रॅम उपसली. पंखा थांबलेला, स्क्रीन काळा, म्हणून बंद समजलो. त्या बोर्डानं पुन्हा रॅम ओळखली नाही, आणि त्याचे पैसे मी पगारातून फेडले. पाच व्होल्टचा माणसाला झटका बसत नाही, म्हणूनच हात बेफिकीर होतो. नुकसान बोर्डाचं होतं.

आता दुरुस्तीचं. मशीन उठत नाही आणि दिवाही नाही, तर आधी सॉकेट, वायर, एसएमपीएसमागचा खटका बघा, मग जांभळ्या वायरवर मीटर लावा. ४.७५ ते ५.२५ व्होल्टच्या आत हवेत. दिवा आहे, पण मशीन उठत नाही, तर पुढच्या बटणाच्या दोन पिना स्क्रू-ड्रायव्हरनं क्षणभर जोडून बघा. पुष्कळदा नुसतं बटणच गेलेलं असतं. मात्र दिवा जळतो म्हणजे एसएमपीएस ठणठणीत, असं धरून चालू नका. मशीन चालवणारी बारा व्होल्टची बाजू मेलेली असली तरी स्टँडबाय जिवंत राहू शकतो. विजेच्या बिलाचं म्हणाल, तर सतत एक वॅट म्हणजे वर्षाला पावणेनऊ युनिट.

पण मला खरी कळकळ आहे ती पुराची. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा गावात शिरली, आणि ओसरल्यावर लोकांनी चिखल काढला, घरं धुतली. लाइट आली. कॉम्प्युटरला कुणी हातही लावला नव्हता, पण प्लग खोचलेला आणि भिंतीवरचं बटण चालू. ओल्या बोर्डावर पाच व्होल्ट आपोआप पोचले. असे बोर्ड मी उघडले तेव्हा स्टँडबायच्या वाटेवर हिरवा-निळा गंज फुललेला, तांब्याच्या रेघा खाल्लेल्या. ज्यांनी आधीच वायर उपसून ठेवली होती, त्यांचे काही बोर्ड धुऊन, नीट वाळवून पुन्हा सुरू झाले.

हा बोर्ड टेबलावर आहे. मी वायर भिंतीतून काढतो आणि पुढचं बटण दाबून धरतो. दिव्याकडे बघा. एकदम जात नाही, कपॅसिटरमध्ये साठलेली वीज उतरतेय... मंद झाला... अजून आहे... आता गेला. या, आता रॅम काढून बघा.