१६९ वरून थेट २: पक्ष कोसळतात कसे, आणि नाव तेच ठेवून बदलतात कसे

२५ ऑक्टोबर १९९३. कॅनडात निवडणुकीचे निकाल येतायत. सत्तेत आहे प्रोग्रेसिव्ह कन्झर्व्हेटिव्ह पार्टी, पाच वर्षांपूर्वी याच पक्षाने १६९ जागा जिंकून सरकार बनवलं होतं, आणि आज रात्री त्यांचा आकडा कुठे येऊन थांबतो माहितीये? दोनवर. २९५ पैकी दोन. पंतप्रधान किम कॅम्पबेल, देशाच्या पहिल्या महिला पंतप्रधान, जूनमध्येच खुर्चीवर बसल्या होत्या, त्या व्हँकुव्हरमधली स्वतःची जागासुद्धा हरल्या. तिथल्या संसदेत पक्ष म्हणून अधिकृत मान्यता हवी तर किमान १२ खासदार लागतात, त्यामुळे कालपर्यंत सरकार चालवणारा पक्ष आज सभागृहाच्या हिशेबात पक्षच उरला नाही.

आता स्क्रीनवर त्याच्या शेजारचा आकडा बघा. मतं १६ टक्के. म्हणजे साधारण सहातल्या एका मतदाराने तेव्हाही त्यांनाच मत दिलंय. त्याच रात्री ब्लॉक केबेक्वा या पक्षाला साडेतेरा टक्के मतं पडली, उमेदवार फक्त क्युबेक या एकाच प्रांतात उभे केले होते, आणि जागा मिळाल्या ५४. मतं कमी, जागा सत्तावीसपट. त्यात कहर असा की क्युबेकला कॅनडापासून वेगळं करा म्हणणारा हा पक्ष कॅनडाच्या संसदेत अधिकृत विरोधी पक्ष बनला.

ही पडझड एका रात्रीत झाली असं वाटतं खरं, पण तसं नाहीये. मागे जाऊया, १९८४ मध्ये याच पक्षाचे नेते ब्रायन मल्रोनी यांनी प्रचंड बहुमत मिळवलं ते दोन गटांची मोट बांधून, एकीकडे पश्चिमेकडच्या प्रांतांतले कट्टर कन्झर्व्हेटिव्ह आणि दुसरीकडे क्युबेकचे फ्रेंच भाषिक राष्ट्रवादी. या दोघांचं एकमेकांशी पटावं असं फारसं काही नव्हतं, लिबरल पक्षाचा कंटाळा आलाय एवढंच काय ते कॉमन. पुढे क्युबेकला वेगळा दर्जा देणारा मीच लेक करार १९९० मध्ये फसत चालला, तेव्हा मल्रोनींच्याच मंत्रिमंडळातले ल्युसियाँ बुशार बाहेर पडले आणि त्यांच्यामागे ब्लॉक उभा राहिला. पश्चिमेचा राग बरोब्बर उलटा, सगळं क्युबेकसाठीच चाललंय, आम्हाला कोण विचारतो. तिथे १९८७ पासून रिफॉर्म पार्टी जमिनीवर काम करतच होती. त्यात १९९१ मध्ये सरकारने सात टक्क्यांचा नवा टॅक्स आणला, नाव जीएसटी (हो, तिकडेही जीएसटीच), आणि मंदी होतीच. रिफॉर्मला ५२ जागा मिळाल्या, एक सोडून सगळ्या पश्चिमेत.

म्हणजे मतदार बरीच वर्षं सरकत होते, जागांच्या आकड्यात मात्र ते एकदमच दिसलं. ज्या सिस्टीममध्ये मतदारसंघात पहिला येणारा निवडून येतो आणि बाकीच्यांची मतं वाया जातात, तिथे किती मतं पडली याच्याइतकंच ती कुठे पडली हेही महत्त्वाचं असतं. सत्ताधाऱ्यांची १६ टक्के मतं देशभर पातळ पसरली होती, त्यामुळे जिकडेतिकडे दुसरा नाहीतर तिसरा नंबर. ब्लॉकची मतं एका प्रांतात घट्ट होती. मॉरिस द्यूव्हर्जे या फ्रेंच अभ्यासकाचं म्हणणं पॉलिटिकल सायन्सच्या पोरांना पाठ असतं, की अशा पद्धतीत शेवटी दोनच मोठे पक्ष उरतात. कॅनडाकडे बघून त्यात एक दुरुस्ती करावीशी वाटते, दोन उरतात ते फार तर एकेका मतदारसंघात, आणि प्रत्येक प्रदेशात तेच दोन असतील याची गॅरंटी कुणी दिलेली नाही.

हीच पद्धत जुन्या पक्षाला वाचवतेसुद्धा. ब्रिटन, १९८३. लेबर पार्टीला २७.६ टक्के मतं, जागा २०९. लेबरमधून फुटलेले नेते आणि लिबरल यांच्या आघाडीला २५.४ टक्के मतं, जागा २३. दोन टक्क्यांचा फरक आणि जागा बघा! लेबरची मतं औद्योगिक शहरांत आणि खाणपट्ट्यात एकवटलेली होती म्हणून पक्ष तगला, नाहीतर त्या वर्षी लेबरचाही कॅनडासारखा हिशेब झाला असता असं मला तरी वाटतं.

न्यूझीलंडच्या लोकांनी मग नियमच बदलला. १९७८ मध्ये लेबरला नॅशनल पार्टीपेक्षा जास्त मतं, पण सरकार नॅशनलचं. १९८१ मध्ये पुन्हा तेच. आणि त्या दुसऱ्या खेपेला सोशल क्रेडिट नावाच्या तिसऱ्या पक्षाने वीस टक्क्यांच्या वर मतं घेतली आणि जागा मिळाल्या फक्त दोन. एवढ्या लोकांची मतं गेली कुठे हा प्रश्न तिथे विझला नाही, १९९३ मध्ये सार्वमत झालं आणि ५४ टक्क्यांच्या आसपास लोकांनी मतांच्या प्रमाणात जागा देणारी पद्धत निवडली. १९९६ ला पहिली निवडणूक त्या पद्धतीने झाली आणि सरकार कोणाचं हे विन्स्टन पीटर्स ठरवणार अशी वेळ आली, त्यांच्या न्यूझीलंड फर्स्टकडे १७ जागा होत्या. दोन पक्षांची मक्तेदारी गेली, पण किंगमेकर आला. ज्यांनी सार्वमतात हो म्हटलं त्यातल्या बऱ्याच जणांना हा आपण मागितलेला बदल वाटला नसणार.

आता इटली. इथे मला थोडं जास्त थांबायचंय.

ख्रिश्चन डेमोक्रॅट पक्ष, दुसऱ्या महायुद्धानंतर जवळपास पन्नास वर्षं, सरकारं पडली उभी राहिली पण हा पक्ष प्रत्येक सरकारमध्ये. भ्रष्टाचार सगळ्यांना माहीत होता. तरी लोक नाक दाबून त्यांनाच मत देत राहिले कारण समोर होता पश्चिम युरोपातला सगळ्यात मोठा कम्युनिस्ट पक्ष, आणि ते आले तर काय, ही भीती होती. मग १९८९ मध्ये बर्लिनची भिंत पडली आणि फेब्रुवारी १९९१ मध्ये कम्युनिस्ट पक्षाने स्वतःलाच विसर्जित करून नवीन नाव घेतलं. समोरचा बागुलबुवा गेला, मग नाक दाबायचं कशासाठी?

एक वर्षाने, १७ फेब्रुवारी १९९२, मिलानमध्ये एका वृद्धाश्रमाचा प्रमुख मारिओ किएझा लाच घेताना पकडला गेला, साफसफाईचं कंत्राट, सत्तर लाख लिरा. माणूस सोशालिस्ट पक्षाचा, तेही सत्तेतले पार्टनर. पक्षाचे नेते बेत्तिनो क्राक्सी यांनी हा एकटाच भामटा आहे म्हणून हात झटकले. वरून कुणी वाचवत नाही म्हटल्यावर किएझा तपास अधिकाऱ्यांसमोर बोलायला लागला आणि एकेक नाव बाहेर येत गेलं, मिलानमधून सुरू झालेलं प्रकरण देशभर पसरलं. ३० एप्रिल १९९३ ची संध्याकाळ, आदल्या दिवशीच संसदेने क्राक्सींवरच्या बहुतेक आरोपांत खटला चालवायला परवानगी नाकारलेली, आणि रोममध्ये ते राहत असलेल्या राफाएल हॉटेलच्या बाहेर गर्दी जमलीये. क्राक्सी दारातून गाडीकडे निघाले तसा त्यांच्यावर सुट्ट्या नाण्यांचा पाऊस. काही जण हजार लिराच्या नोटा नाचवतायत, घे, हे पण घे. जानेवारी १९९४ मध्ये ख्रिश्चन डेमोक्रॅट पक्षही विसर्जित झाला, आणि मार्चमध्ये निवडणूक जिंकली ती सिल्व्हिओ बर्लुस्कोनी यांच्या आघाडीने, ज्यांचा फोर्झा इटालिया पक्ष जेमतेम काही महिन्यांचा होता. घोटाळ्यामुळे सरकारं पडतात हे नेहमीचंच, पण इथे अख्खी फळी गेली, कारण त्या फळीला मत द्यायचं जे कारण होतं ते घोटाळ्याच्या आधीच संपलं होतं. लाचेची बातमी दहा वर्षं आधी आली असती तर इतकं झालं असतं का, मला शंका आहे.

अमेरिकेत यातलं काहीच दिसत नाही, दीडशेहून जास्त वर्षं तेच दोन पक्ष, तीच नावं. पण आत बघा. रिपब्लिकन पक्ष १८५४ मध्ये गुलामगिरीच्या विस्ताराला विरोध करत उभा राहिला, आणि दक्षिणेतला गोरा मतदार पुढची शंभर वर्षं डेमोक्रॅट. १९६४ मध्ये डेमोक्रॅट राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी वंशभेदाला बंदी घालणाऱ्या नागरी हक्क कायद्यावर सही केली, त्याच वर्षी रिपब्लिकन उमेदवार बॅरी गोल्डवॉटर देशभर सपाटून हरले पण दक्षिणेतली पाच राज्यं मात्र जिंकले. तरी प्रतिनिधीगृहात दक्षिणेतल्या बहुसंख्य जागा रिपब्लिकनांकडे यायला १९९४ उजाडलं. तीस वर्षं! वर राष्ट्राध्यक्षाला मत एका पक्षाला आणि खाली ओळखीच्या जुन्या खासदाराला दुसऱ्या पक्षाचं, असं चालत राहिलं, जुने खासदार निवृत्त होत गेले तसतशा जागा फिरल्या. आणि तिथे नवीन पक्ष काढायची फार गरजही पडत नाही, कारण पक्षाचा उमेदवार प्रायमरीत, म्हणजे पक्षांतर्गत निवडणुकीत, मतदारच निवडतात. बाहेरच्या माणसाने प्रायमरी जिंकली की पक्ष त्याचा, २०१६ मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांनी तेच करून दाखवलं.

जर्मनीचे पर्यावरणवादी ग्रीन्स नवीन पक्ष म्हणूनच आले, १९८३ मध्ये संसदेत शिरले तेव्हा हातात झाडंझुडपं घेऊन. १९८५ मध्ये त्यांचेच योश्का फिशर यांनी हेसे राज्यात मंत्रिपदाची शपथ घेतली, पायात पांढरे स्पोर्ट्स शूज, फोटो सगळीकडे छापून आला. हेच फिशर १९९८ मध्ये परराष्ट्रमंत्री झाले, आणि १९९९ मध्ये कोसोवोतल्या लष्करी कारवाईला पाठिंबा दिला म्हणून पक्षाच्याच अधिवेशनात त्यांच्या कानावर लाल रंगाने भरलेली पिशवी येऊन फुटली. शांततेच्या चळवळीतून आलेला पक्ष, सत्तेत जेमतेम साडेसहा महिने झाले होते.

भारतात प्रश्न वेगळाच आला, पक्ष बदलण्याआधी आमदारच बदलायला लागले. १९६७ मध्ये काँग्रेसची बरीच राज्यं गेली, आणि हरियाणात गयालाल या आमदाराने पंधरा दिवसांत तीनदा पक्ष बदलला, आयाराम गयाराम ही म्हण तिथूनच आली. १९८५ मध्ये पक्षांतरबंदी कायदा झाला, पण एक तृतीयांश आमदार फुटले तर ती फूट मान्य अशी सूट ठेवून, आणि २००३ मध्ये ती सूट काढली तरी दोन तृतीयांशांचं विलीनीकरण राहिलंच. साहजिकच एकेकटं जाणं महाग झालं आणि लोक घाऊक भावात जायला लागले. पुढचं टीव्हीवर सगळ्यांनी पाहिलंय, मी सांगायला नको.

शेवटी ग्रीस, कारण इथे सगळ्यांचे अंदाज चुकले. पासोक हा तिथला जुना डावीकडे झुकलेला पक्ष, २००९ मध्ये जवळपास ४४ टक्के मतं. मग कर्जाचं संकट, पगार पेन्शनमध्ये कपात, आणि जानेवारी २०१५ मध्ये ४.७ टक्के. युरोपात कुठल्याही डाव्या पक्षाची अशी घसरण झाली की तिला पासोकचंच नाव द्यायची पद्धत पडली, इतका हा पक्ष संपल्यात जमा होता. त्यांची मतं खाऊन मोठा झाला सिरिझा, त्यांच्याहून जास्त डावा पक्ष. मग सिरिझा सत्तेत आला, त्यालाही कपातच करावी लागली, पुढे तो हरला, फुटला, खासदार एकेक करून निघून गेले, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये ग्रीसच्या संसदेत अधिकृत विरोधी पक्षाच्या बाकांवर येऊन बसला पासोक, तेही त्यासाठी कुठलीच निवडणूक न होता.