बटण सुटल्यावर काय?

[दृश्य: पडद्याचा क्लोजअप. कर्सरने एक फाइल उचललेली.]

कर्सरबरोबर सरकतंय ते फाइलचं फिकट चित्र. खरी फाइल अजून जागची हललेली नाही. माऊसचं बटण सुटलं, की ती तिकडे जाणार, की इथेच राहून तिकडे तिची प्रत होणार? ओपन सोर्स डेस्कटॉप घडवणारे यावर वर्षानुवर्षं वाद घालत आलेत.

ही डॉल्फिन, म्हणजे केडीई या ओपन सोर्स डेस्कटॉपमधला फाइली हाताळायचा प्रोग्राम. बटण सुटलं आणि मेन्यू उघडला. इथे हलवा, कॉपी करा, लिंक करा (म्हणजे मूळ फाइलकडे नेणारी नुसती खूण ठेवा), नाहीतर रद्द करा. उत्तर मिळेपर्यंत फाइलला हात लागत नाही.

आता ग्नोम, तसाच दुसरा ओपन सोर्स डेस्कटॉप. मेन्यू नाही, फाइल थेट पलीकडच्या फोल्डरमध्ये. मग तशीच एक फाइल पेनड्राइव्हवर नेऊ. कर्सरपाशी उमटलेलं ते बारीक अधिकचं चिन्ह पाहा. या वेळी मूळ फाइल जागेवर राहिली. हात तोच, हालचाल तीच, परिणाम मात्र वेगळा. विंडोज आणि मॅकमध्येही हीच रीत आहे. एकाच ड्राइव्हवर हलवायचं, दुसऱ्यावर कॉपी करायचं.

[दृश्य: टर्मिनल.]

ही रीत आली कुठून, ते इथे दिसतं. एकाच फाइल सिस्टीमवर, म्हणजे डिस्कवरच्या फाइलींच्या एकाच मांडणीत, फाइल हलवताना तिच्यातला डेटा हलतच नाही. ‘रिनेम’ नावाची एक हाक कर्नलला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याला जाते, डिरेक्टरीतली (फोल्डरातली) नोंद बदलते, काम झालं. म्हणून 40 जीबीचा व्हिडिओही क्षणात सरकतो. फाइल सिस्टीम वेगळी असली, की कर्नल ही हाक नाकारतो. मग सगळा डेटा पलीकडे उतरवायचा आणि नंतर मूळ फाइल पुसायची. मधेच पेनड्राइव्ह उपसला गेला तर? त्यापेक्षा मूळ फाइल राहू द्यावी, हे शहाणपणाचंच होतं. पण वापरणाऱ्याला खिडकीत दिसतात शेजारी शेजारी दोन फोल्डर. त्यांच्यामधली पार्टिशनची, म्हणजे डिस्कच्या वेगळ्या भागांमधली, रेघ दिसत नाही. बीटीआरएफएस या लिनक्सच्या फाइल सिस्टीममध्ये तर एकाच पार्टिशनवरच्या दोन सबव्हॉल्यूममध्येही (आतल्या स्वतंत्र कप्प्यांमध्येही) कर्नल ‘रिनेम’ नाकारतो.

विचारणं ही काही केडीईची लहर नव्हे. पडद्यावर खिडक्या दाखवणाऱ्या एक्स विंडो या जुन्या यंत्रणेच्या ड्रॅग अँड ड्रॉप प्रोटोकॉलमध्ये (ठरलेल्या नियमांमध्ये) कॉपी, हलवणं आणि लिंक यांच्या बरोबरीने ‘विचारा’ ही कृती नोंदलेली आहे. तिच्या जागी आलेल्या वेलँडनेही ती ठेवली.

[दृश्य: कीबोर्ड. बोट शिफ्टवर.]

मेन्यू नको म्हणणाऱ्यांचं म्हणणं सरळ आहे. दिवसभर फाइली लावणाऱ्याला दर वेळी एक जादा क्लिक पडतो, आणि इतर डेस्कटॉपवरून आलेला माणूस गोंधळतो. खरं आहे. पण डॉल्फिनमध्ये शिफ्ट दाबून सोडलं तर फाइल न विचारता हलते, कंट्रोल दाबलं तर कॉपी होते, दोन्ही दाबलं तर लिंक. हे माहीत असलेल्याला डिफॉल्ट, म्हणजे आधीपासून ठरवून दिलेलं वागणं, काहीही असलं तरी चालतं. डिफॉल्ट लागतं ते ज्याला या कळा माहीत नाहीत त्याला, आणि नेमका त्यालाच मेन्यू आपल्या भाषेत सांगतो, की इथे करता येण्यासारख्या तीन गोष्टी आहेत.

चुकून दुसऱ्या फोल्डरात पडलेलं फोल्डर शोधण्यात लोकांचा वेळ जातो. कंट्रोल-झेड आहे, पण काय झालं हे कळलं तरच.

[दृश्य: सिस्टम सेटिंग्ज.]

केडीई सवयी बदलत नाही असंही नाही. 28 फेब्रुवारी 2024 ला आलेल्या प्लाझ्मा 6 या केडीई डेस्कटॉपच्या आवृत्तीत एका क्लिकवर फाइल उघडण्याची जुनी पद्धत मागे पडली, डबल क्लिक डिफॉल्ट झाला. अलीकडे ड्रॅगसाठीही पर्याय आला आहे. एकाच डिव्हाइसवर असेल तर न विचारता हलवा. ज्याला हवं त्याने ही खूण करावी. नव्याकोऱ्या डेस्कटॉपवर मात्र पहिल्या ड्रॅगला मेन्यूच उघडायला हवा.