पत्रक बाहेर जाण्यापूर्वी : जनसंपर्काचे बदललेले काम

नमस्कार. आजच्या भागाची सुरुवात मी स्वतः लिहिलेल्या एका जुन्या पत्रकापासून करते.

(पडद्यावर मजकूर : "मुख्य जलवाहिनीच्या दुरुस्तीचे काम हाती घेण्यात येणार असल्याने गुरुवारी पूर्वेकडील टाकीवर अवलंबून असलेल्या भागांचा पाणीपुरवठा बंद राहील. नागरिकांनी सहकार्य करावे.")

या पत्रकात व्याकरणाची एकही चूक नाही. एका शहराच्या जनसंपर्क विभागात काम करत असताना, पाणीपुरवठा विभागाकडून आलेल्या टिपणीवरून मी ते वीस मिनिटांत तयार केले, साहेबांची सही घेतली, सर्व दैनिकांना पाठवले आणि दुसऱ्या दिवशी ते जसेच्या तसे छापूनही आले. गुरुवारी सकाळी साडेसहापासून मात्र कार्यालयातला फोन थांबेना, कारण आपल्या नळाला कोणत्या टाकीचे पाणी येते हे बहुतेकांना ठाऊकच नसते. टाकी ही अभियंत्याची भाषा आहे. नागरिक आपला भाग ओळखतो तो चौकावरून, देवळावरून, नाहीतर सोसायटीच्या नावावरून. एक बाई मला म्हणाल्या, "घरात लग्न आहे, चाळीस माणसे उतरली आहेत आणि तुम्ही पेपरात टाकीचे नाव छापता?" त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हते.

अभियंत्यांनी आपल्या कामाची नोंद बरोबर दिली होती आणि दैनिकांनी मिळाले ते छापले होते. चूक माझी होती. हाती आलेला कागद मी चांगल्या मराठीत बसवला, पण वरच्या मजल्यावर, पाणीपुरवठा विभागात जाऊन एकही प्रश्न विचारला नाही.

जनसंपर्क क्षेत्रातली कौशल्ये बदलत आहेत, असे आपण सतत ऐकतो आणि ती चर्चा बहुतेक वेळा समाजमाध्यमे, व्हिडिओ आणि कृत्रिम बुद्धिमत्ता यांच्याभोवती फिरते. ही साधने शिकावी लागतात, त्याबद्दल वाद नाही. परंतु माझ्या मते सर्वांत मोठा बदल कार्यालयाच्या चार भिंतींच्या आत झाला आहे. मिळालेली माहिती सुबकपणे बाहेर पोचवणे हे पूर्वी मुख्य काम होते. आता ती माहिती आपल्याच सहकाऱ्यांकडून वेळेत, खरी आणि पूर्ण मिळवणे हे मुख्य काम झाले आहे, आणि त्यासाठी लागणारा कार्यालयीन संवाद आपल्याला फारसा कोणी शिकवलेला नाही.

याची मुळे जुनी आहेत. २८ ऑक्टोबर १९०६ रोजी अमेरिकेत अटलांटिक सिटीजवळ पेनसिल्व्हेनिया रेलरोड या रेल्वे कंपनीची गाडी पुलावरून पाण्यात कोसळली आणि पन्नासहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. अपघाताची बातमी शक्य तितकी दाबून ठेवायची, ही त्या काळच्या रेल्वे कंपन्यांची रीत होती. कंपनीचे सल्लागार आयव्ही ली यांनी उलट मार्ग धरला आणि कंपनीचे निवेदन स्वतःहून वार्ताहरांच्या हाती दिले. ते निवेदन जगातले पहिले प्रसिद्धिपत्रक मानले जाते आणि जनसंपर्काच्या प्रत्येक वर्गात ही गोष्ट सांगितली जाते. मला मात्र त्या गोष्टीतला न सांगितलेला भाग अधिक महत्त्वाचा वाटतो : वार्ताहरांना कागद देणे सोपे होते, पण बोलायची सवयच नसलेल्या व्यवस्थापनाला तो कागद बाहेर जाऊ देण्यासाठी राजी करणे ही खरी कामगिरी होती.

त्यानंतर अनेक दशके या कौशल्याची उणीव झाकली गेली, कारण सर्वांनाच वेळ मिळत होता. मी या कामात आले तेव्हा पत्रक टंकलिखित होई, त्याच्या झेरॉक्स प्रती निघत आणि शिपाई सायकलवरून प्रत्येक दैनिकाच्या कार्यालयात त्या देऊन येई. मग फॅक्स आला, मग ई-मेल. ई-मेलच्या सुरुवातीच्या काळात श्रीलिपीत टंकलेला मजकूर तोच फाँट नसलेल्या संगणकावर उघडला की अक्षरांऐवजी चित्रविचित्र चिन्हे दिसत आणि उपसंपादकाचा फोन ठरलेला असे; युनिकोड रुळल्यावर तो जाच संपला. या सगळ्या काळात संध्याकाळी पाचपर्यंत पत्रक पोचले की काम झाले, ही धारणा कायम होती. सकाळी आलेल्या प्रश्नाचे उत्तर शोधायला संध्याकाळपर्यंतचा अवधी असे आणि अधिकारी दौऱ्यावर असला तर बातमीदारही एक दिवस थांबत असे. आज पाइप फुटल्याचा व्हिडिओ रहिवासी संघाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आधी येतो, आणि कित्येकदा पाणीपुरवठा विभागालाही ती बातमी तिथूनच कळते.

कामाचे मोजमापही त्याच धारणेतून आलेले होते. महिनाअखेरीस आपण कात्रणांची फाईल तयार करत असू, छापून आलेल्या मजकुराचे कॉलम सेंटिमीटर पट्टीने मोजत असू आणि त्याला जाहिरातीच्या दराने गुणून, एवढ्या लाखांची प्रसिद्धी मिळाली, असे वरिष्ठांना दाखवत असू. जनसंपर्काचे मोजमाप कसे करावे याबद्दल २०१० मध्ये मांडल्या गेलेल्या बार्सिलोना तत्त्वांनी हे स्पष्ट केले की, जाहिरातीच्या दराशी केलेला हा गुणाकार जनसंपर्काचे मूल्य दाखवत नाही. माझ्या त्या पाण्याच्या पत्रकाचे कॉलम सेंटिमीटर उत्तम भरले असते, तरीही चाळीस पाहुण्यांच्या त्या घरात एक हंडाही भरून ठेवलेला नव्हता.

आता एक मोठे, सर्वांना आठवणारे उदाहरण पाहू. २०१५ मध्ये उत्तर प्रदेशातल्या अन्नसुरक्षा अधिकाऱ्यांनी मॅगीच्या नमुन्यात शिसे प्रमाणाबाहेर असल्याचे म्हटले. आपले उत्पादन सुरक्षित आहे, हे नेस्ले इंडियाचे म्हणणे सुरुवातीपासून होते आणि त्यासाठी कंपनी प्रयोगशाळांच्या निष्कर्षांचा आधार देत होती. ५ जून २०१५ रोजी केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने विक्री थांबवण्याचा आदेश दिला आणि हजारो टन माल परत घेऊन नष्ट करावा लागला. पुढे १३ ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाने ती बंदी रद्द केली, मान्यताप्राप्त प्रयोगशाळांत नव्याने चाचण्या करण्यास सांगितले, आणि नोव्हेंबरमध्ये मॅगी दुकानांत परतली.

न्यायालयात कंपनीची बाजू टिकली, तरी मधल्या महिन्यांत घराघरांत काय चालले होते, ते आठवून पाहा. डब्यासाठी मॅगी करून देणाऱ्या आईचा प्रश्न होता : मी काल मुलाला दिले ते चालेल की नाही? प्रयोगशाळेच्या अहवालात त्याचे उत्तर असेलही, पण ते अहवालाच्या भाषेत होते. शास्त्रज्ञ दशलक्षातल्या भागांमध्ये बोलतो, कायदा विभागाला एकेका शब्दाची जबाबदारी न्यायालयात घ्यावी लागणार असते, विक्री विभागाला दुकानदाराची काळजी असते, आणि या तिघांना एका टेबलाभोवती बसवून त्या आईला कळेल असे एक वाक्य त्यांच्या संमतीने तयार करणे हे ज्याला जमते, तो आजचा जनसंपर्क अधिकारी होय. हे काम संगणकावर होत नाही. कायदा विभागाने वाक्य खोडले तर रुसून बसता येत नाही. का खोडले हे विचारावे लागते, त्यांची अडचण समजून घ्यावी लागते आणि दुसरे वाक्य घेऊन पुन्हा त्यांच्याच दारात जावे लागते.

या बदलाला आता कायद्याचेही बळ आहे. शेअर बाजाराचे नियमन करणाऱ्या सेबीच्या नियमांनुसार बाजारमूल्याने पहिल्या १०० सूचिबद्ध कंपन्यांना १ जून २०२४ पासून आणि पहिल्या २५० कंपन्यांना १ डिसेंबर २०२४ पासून एक बंधन लागू झाले : मुख्य प्रसारमाध्यमांत आलेल्या एखाद्या अफवेमुळे समभागाच्या भावात लक्षणीय हालचाल झाली, तर २४ तासांच्या आत त्या वृत्ताला दुजोरा द्यावा, इन्कार करावा किंवा खुलासा करावा. "यावर आम्हाला काही बोलायचे नाही" हे वर्षानुवर्षे वापरलेले वाक्य अशा प्रसंगी पुरत नाही. हे चोवीस तास ऐकायला पुष्कळ वाटतात, पण कंपनी सचिव, वित्त विभाग, कायदा विभाग आणि व्यवस्थापकीय संचालक यांच्यापैकी एकजण विमानात असतो आणि दुसऱ्याला संपूर्ण प्रकरण ठाऊकच नसते, तेव्हा ते किती अपुरे आहेत हे कळते. कोणाला काय माहीत असते, रात्री अकरा वाजता कोणाला फोन केलेला चालतो, कोणाच्या होकाराशिवाय ओळ बाहेर जाऊ शकत नाही, हे शांततेच्या दिवसांतच ठरलेले असावे लागते.

आणखी एका श्रोत्याकडे आपण फार दुर्लक्ष केले आहे, तो म्हणजे आपला स्वतःचा कर्मचारी. कारखान्यातल्या पाळीच्या वेळा बदलणार आहेत, ही गोष्ट यंत्रावर काम करणाऱ्या माणसाला वर्तमानपत्रातून किंवा चहाच्या टपरीवर कळावी, यासारखा अपमान नाही. मुख्य कार्यालयातून इंग्रजीत ई-मेल निघतो, पण त्या माणसाला कंपनीचा ई-मेल पत्ताच नसतो. मग कोणीतरी घाईने भाषांतर करून सूचना फलकावर लावते. "आम्हाला कळविण्यास अत्यंत आनंद होत आहे की, कंपनी कार्यक्षमतेच्या नव्या प्रवासास प्रारंभ करीत आहे." हे वाचून कामगाराला काय समजणार? "१ तारखेपासून दुसरी पाळी दुपारी तीनऐवजी अडीचला सुरू होईल. बसच्या वेळाही अर्धा तास आधी होतील. रजा आणि जादा कामाच्या नियमांत बदल नाही." एवढे लिहिले तर त्याला घरी जाऊन बायकोला सांगता येते. आणि कार्यालयातला आतला निरोप काही मिनिटांत छायाचित्राच्या रूपाने बाहेर जातो, हे लक्षात घेतले तर आत एक आणि बाहेर दुसरे सांगण्याची सोयही आता उरलेली नाही.

कृत्रिम बुद्धिमत्तेबद्दल थोडक्यात सांगते. पत्रकाचा मसुदा ती अर्ध्या मिनिटात देते, आणि केवळ बरे वाक्य लिहिता येणे या भांडवलावर या क्षेत्रात येऊ इच्छिणाऱ्यांनी याची गंभीरपणे दखल घ्यावी. मात्र माझी ती टिपणी तिला दिली असती, तर तिनेही "पूर्वेकडील टाकी" असेच लिहिले असते, कारण कागदावर नसलेला प्रश्न विचारायला तिला वरच्या मजल्यावर जाता येत नाही. दुसरीकडे, एप्रिल २०२४ मध्ये राष्ट्रीय शेअर बाजाराला आपले व्यवस्थापकीय संचालक आशिषकुमार चौहान यांचा चेहरा आणि आवाज वापरून शेअर खरेदीचा सल्ला देणारे बनावट व्हिडिओ फिरत असल्याचा इशारा द्यावा लागला होता. असा व्हिडिओ समोर आला की जनसंपर्क विभागाला थेट त्या वरिष्ठ व्यक्तीपर्यंत काही मिनिटांत पोचता आले पाहिजे, आणि मधल्या चार केबिनच्या परवानग्या घेत बसलेल्या अधिकाऱ्याला ते शक्य होत नाही.

त्या पाण्याच्या पत्रकानंतर मी शहराचा नकाशा घेऊन वरच्या मजल्यावर गेले. कोणत्या टाकीवर कोणता भाग येतो, हे अभियंत्यांना ढोबळमानाने माहीत होते, गल्लीनिहाय माहीत नव्हते. ते म्हणाले, "मॅडम, हे चावीवाल्यांना विचारा." रोज पहाटे व्हॉल्व्ह उघडणारे आणि बंद करणारे ते कर्मचारी कोणत्याही बैठकीला बोलावले जात नसत. त्यांच्याबरोबर तीन दुपारी बसून आम्ही यादी तयार केली. त्यांच्यातल्या एका ज्येष्ठ कर्मचाऱ्याच्या खिशातल्या वहीत असे लिहिलेले होते की, मारुतीच्या देवळाच्या डाव्या हाताची घरे एका टाकीवर आहेत आणि उजव्या हाताची दुसऱ्या. पुढच्या दुरुस्तीच्या पत्रकात चौक, गल्ल्या आणि सोसायट्यांची नावे गेली, बंद होण्याची आणि सुरू होण्याची वेळ गेली, शुक्रवारी सकाळी पाणी उशिरा आणि कमी दाबाने येईल हेही गेले. त्यानंतर काही महिन्यांनी एका संध्याकाळी अभियंत्यांचा फोन स्वतःहून आला. "मॅडम, सोमवारी व्हॉल्व्ह बदलतोय. चावीवाले इथेच बसलेत, भाग लिहून घ्या."