सारा मातीचा, माती सीनेला

(दृश्य: सीना नदीचा काठ, सकाळ. वाळूतून चालत येणारे एक शेतकरी.)

इथं विहीर होती. शेतकरी हाताने जागा दाखवतात आणि आपल्याला दिसतात नुसते गोटे. विहीर गाळाने बुजली. तिच्याभोवतीचं काळं रान कंबरभर खरवडून गेलं आणि खालचा मुरूम उघडा पडला. चालताना तो पायाखाली करकरतो. काळ्या रानात पाय वाजत नाही, रुततो.

सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेला पूर आला. अहिल्यानगर जिल्ह्यात उगम पावणारी ही नदी धाराशिव आणि सोलापूर जिल्ह्यांतून वाहत हत्तरसंग कुडलला भीमेला मिळते. परंडा, करमाळा, माढा, मोहोळ हा सगळा कमी पावसाचा पट्टा. इथल्या माणसाची हयात आभाळाकडे बघण्यात गेली. त्याच माणसाला त्या सप्टेंबरात होडीतून, काही ठिकाणी हेलिकॉप्टरमधून बाहेर काढावं लागलं. ऊस आडवा झाला, सोयाबीन शेंगेतच कुजलं, दावणीची जनावरं दावणीलाच गेली.

पीक गेलं तर पुढच्या हंगामात पुन्हा पेरता येतं. माती गेल्यावर पेरायचं कशात?

(दृश्य: घडी पडलेला सातबारा. बोट एका रकान्यावर येऊन थांबतं.)

पाणी ओसरल्यावर या शेतकऱ्यांनी तहसीलदारांच्या नावे अर्ज लिहिला. विषय असा: पुरात वाहून गेलेल्या क्षेत्राचा शेतसारा कमी होऊन मिळणेबाबत.

शेतसारा, म्हणजे जमिनीवरचा सरकारी महसूल? ऐकणाऱ्याला नवल वाटेल. सातबाऱ्यावर क्षेत्राजवळच आकारणीचा रकाना असतो आणि त्यातला आकडा बहुतेक ठिकाणी काही रुपये, काही पैसे एवढाच असतो. तालुक्याला जाण्यायेण्याचं एसटीचं तिकीटही त्याहून जास्त पडतं. मग हा खटाटोप कशासाठी?

त्यासाठी भीमेपलीकडे, इंदापूर तालुक्यात जायला हवं. १८३० च्या दशकात गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांनी तिथं शेतवार पाहणी सुरू केली. पुढे ती पद्धत मुंबई इलाखाभर गेली. मोजणीची माणसं रानात उतरत. जमीन खणून मातीची खोली 'हात' या मापाने मोजत, रंग आणि पोत पाहत, आणि सोळा आण्यांपासून खाली उतरत जमिनीची प्रत ठरवत. खोल काळ्या मातीला जास्त सारा, उथळ मुरमाड जमिनीला कमी. आज सातबाऱ्यावर दिसणाऱ्या आकारणीचं मूळ त्या मोजणीत आहे.

म्हणजे सारा बसवला तो मातीच्या खोलीवर. इथं ती खोलीच उरली नाही. सारा कमी करा, असं हे शेतकरी लिहितात तेव्हा त्यांचं मागणं एवढंच असतं, की पुन्हा एकदा या रानात उतरा, मोजा, आणि जे दिसेल ते कागदावर लिहा. आमच्या मते या मागण्याइतकं रास्त मागणं दुसरं नाही.

कायद्यातही त्याला जागा आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ सालची. पूर किंवा नापिकी असेल त्या वर्षी शासन महसूल तहकूब किंवा माफ करू शकतं, ही एक तरतूद. नदीने जमीनच वाहून नेली, तर आकारणी कमी करून मिळण्याचा खातेदाराला हक्क आहे, ही दुसरी. पहिली सूट त्या वर्षापुरती आणि शासनाच्या निर्णयावर. दुसरी हक्काची. हा फरक चावडीवर कुणी समजावून सांगत नाही, म्हणून इथं सांगतोय.

७ ऑक्टोबर २०२५ रोजी राज्य सरकारने ३१ हजार ६२८ कोटी रुपयांची मदत जाहीर केली. खरडून गेलेल्या जमिनीसाठी हेक्टरी ४७ हजार रुपये रोख आणि रोजगार हमीतून हेक्टरी ३ लाखांपर्यंतची कामं. जमीन महसुलात सूटही सवलतींच्या यादीत होती.

या मागणीमागे मोठी परंपरा आहे. १९१७ साली अतिवृष्टीने गुजरातच्या खेडा जिल्ह्यातलं पीक बुडालं. पीक चार आण्यांच्या आत, म्हणजे नेहमीच्या पिकाच्या चौथाईहून कमी असेल तर सारा तहकूब व्हायला हवा, असा नियम होता. अधिकारी म्हणाले पीक त्याहून जास्त आहे, शेतकरी म्हणाले नाही. चौकशीला पुण्याच्या भारत सेवक समाजाचे देवधर, जोशी आणि ठक्कर गेले. १९१८ च्या मार्चमध्ये गांधीजी आणि वल्लभभाईंच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला. तिथंही तंटा हाच होता. रानात जे आहे ते कागदावर कोण लिहिणार?

(दृश्य: ओसरी. घरातली माणसं बसलेली.)

या घरात मात्र अर्जावर एकमत नाही. वाहून गेलेलं रान पोटखराब्यात, म्हणजे लागवडीला अयोग्य क्षेत्रात लिहिलं, तर त्याची आकारणी जाईल, पण लागवडीचं क्षेत्रही तेवढं घटेल. बँक पीककर्ज देते ते लागवडीचं क्षेत्र बघून. खरं लिहून घ्यावं तर कर्ज कमी, आणि खोटं तसंच ठेवावं तर मुरमावर उसाची स्वप्नं. ट्रॅक्टरने गाळमाती आणून रान पुन्हा भरायचं ठरवलं, तरी त्याला पैसा लागतोच, आणि त्यासाठी पुन्हा बँकेचंच दार. ही कोंडी ज्याच्या घरात आहे त्यालाच कळते. शेतकऱ्यांनी अर्ज तरीही दिला. पोच घेतली. आवक क्रमांकाचा शिक्का नीट उमटलाय की नाही, ते दोनदा पाहिलं.

(दृश्य: पुन्हा नदीकाठ, संध्याकाळ.)

आता स्थळपाहणी होईल तेव्हा पहिला प्रश्न निघेल हद्दीचा. बांध गेले, हद्दीचे दगड गेले. पूर्वी दोन हातांच्या बांधावरून ज्यांच्यात कुरबुर व्हायची, ते दोघं शेजारी आज सोबत आलेत. काठावर बाभळीचं एक खोड तेवढं शिल्लक आहे. त्याला पाठ लावून एक जण उभा राहतो. दुसरा तिथून नदीच्या दिशेने पावलं मोजत निघतो.